रिपोर्ट तिचा, टक्केवारी तुमची

पत्र थोडक्यात असं आहे: लिहिणारी तिशीच्या उंबरठ्यावरची, मूळची सातारा जिल्ह्यातली. युरोपातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करते आणि त्या कामासाठी वर्षभर ब्राझीलच्या पारा राज्यात आहे. शहरापासून बोटीनं आठ तासांवर एक किलोंबोला वस्ती आहे, म्हणजे गुलामीतून निसटलेल्या आफ्रिकी माणसांनी वसवलेलं गाव. तिथं तिच्या गटानं रक्ताचे नमुने घेतले, एचटीएलव्ही-१ हा रेट्रोव्हायरस (एचआयव्हीच्याच कुळातला, पण वेगळा विषाणू) किती जणांत आहे ते पाहायला. प्रमाण शहरापेक्षा बरंच जास्त निघालं. यादीत नुसते क्रमांक आहेत, पण वय आणि घर पाहून एक बाई तिनं लगेच ओळखली. ज्या घरी ही पत्रलेखिका झुला टांगून राहायची, त्या घरची लेक. तिचं चार महिन्यांचं बाळ अंगावर पितं. लेकीच्या आईचे पाय गेली काही वर्षं ताठ होत चाललेत. गाव त्याला संधिवात म्हणतं. गाइड म्हणतात, पेपर छापून येऊ दे, मग आरोग्य केंद्रामार्फत रिपोर्ट पाठवू. पत्रातले प्रश्न असे: "औषधच नाही तर सांगून तिची झोप का उडवायची? दूध तोड म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? प्रबंधात गावाचं नाव घालू का? आणि आमच्या गटातला एक जण म्हणतो की अशा वस्त्यांत हे असायचंच, तिथले संबंध मोकळे असतात. यात तथ्य आहे का?"

पत्राच्या शेवटी तू मला मावशी म्हटलंयस, तेव्हा अगं-तुगंच करते.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुझ्या बाकीच्या प्रश्नांत मुरलाय. "अशा वस्त्यांत" म्हणजे कशा? तुमच्याच विषयातलं एक नेमकं काम आठव. फ्रेंच गयानामध्ये नोआर-मारोन लोकांची एक वस्ती आहे. तेही गुलामीतून पळून जंगलात गेलेल्यांचे वंशज. १९९८ साली तिथला अभ्यास छापून आला, सोळाशेहून जास्त माणसं तपासलेली. एकूण प्रमाण ८ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मात्र ४० टक्क्यांच्या घरात! हा आकडा तुझ्या त्या सहकाऱ्याला दाखवला तर तो मान डोलावेल आणि म्हणेल, बघ, सांगत नव्हतो?

आता तोच आकडा उलगडून बघ. हा विषाणू दोन मुख्य वाटांनी जातो: आईच्या दुधातून लेकराला आणि शरीरसंबंधातून जोडीदाराला. रक्त आणि सुया ही तिसरी वाट. पुरुषाकडून बाईला तो सहज जातो, उलट दिशेनं त्यामानानं कमी. आणि तोही एका रात्रीत जात नाही, वर्षानुवर्षांच्या सहवासात जातो. म्हणून वयाबरोबर बायकांतलं प्रमाण चढत जातं. त्या अभ्यासात लागण घराघरांत गुंफलेली दिसली, आई-मूल आणि नवरा-बायको अशी. पन्नाशीची एखादी बाई पॉझिटिव्ह निघते, ती तीस वर्षं एकाच माणसाशी संसार केला म्हणूनही असू शकते. ज्या आकड्यात तुझ्या सहकाऱ्याला स्वैराचार दिसतो, त्यात मला तरी बराचसा संसारच दिसतो.

दुसरं. ब्राझीलमध्येच, गोयास राज्यातल्या किलोंबोला वस्त्यांची मोठी तपासणी झाली होती. तिथं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. वंश आफ्रिकी, वस्ती दुर्गम, इतिहास गुलामीचा, आणि विषाणू नावाला. उलट जपानच्या नैऋत्येकडची बेटं घे, नाहीतर मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्या घे, जिथं काही ठिकाणी प्रौढांतलं प्रमाण ४० टक्क्यांवर गेलंय. तिथं कुठून आला आफ्रिकी वंश? एखादं गाव मूठभर माणसांनी वसवलं, त्या मुठीत दोन-तीन जण लागण झालेले होते, पुढं पिढ्यान् पिढ्या लग्नं आसपासच्याच घरांत झाली आणि मुलं दीड-दोन वर्षं अंगावर पीत राहिली, की हा विषाणू त्या गावात घर करतो. त्या मुठीत कुणीच नसेल तर तेवढंच दुर्गम असलेलं शेजारचं गाव कोरडं राहतं. गुलामांच्या जहाजांतून तो ब्राझीलला पोचला हे खरं. आफ्रिकेतून नेलेल्या सव्वा कोट माणसांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास एकट्या ब्राझीलच्या वाट्याला आली. पण जहाजावर कुणाला चढवायचं हे त्या माणसांनी ठरवलं नव्हतं.

म्हणून तुझ्या प्रबंधातला "किलोंबोलांमध्ये प्रमाण इतकं टक्के" हा मथळा मला खटकतो. २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलनं किलोंबोलांना पहिल्यांदा वेगळं मोजलं, तेव्हा ते सव्वातेरा लाखांहून अधिक भरले. तू एक गाव तपासलंस. त्या गावाबद्दल लिही.

आता घरच्या लेकीकडे वळू. "औषध नाही" हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. विषाणू शरीरातून काढून टाकणारं औषध नाही, हे बरोबर. एचआयव्हीच्या गोळ्या इथं कामाच्या नाहीत, हेही बरोबर. लागण झालेल्या शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणांना जन्मभर काही होत नाही. दुधातून लहानपणी लागण झालेल्यांपैकी तीन ते पाच टक्क्यांना पुढं, बहुधा उतरत्या वयात, रक्ताचा एक जहाल कर्करोग होतो. आणखी थोड्यांचा मज्जारज्जू दुखावतो: पाय ताठरतात, लघवी आवरत नाही. झोप उडवण्याजोगं एवढंच आहे. पण म्हणून काही करण्याजोगं नाही, हे तू कुठून काढलंस?

तिच्या आईचंच घे. तू लिहिलंयस की ती काठी टेकत चालते आणि रात्री चार-चार वेळा उठून परसात जाते. संधिवातात लघवीला पळापळ होत नाही, गं. हे तुझ्या लक्षात आलंय, म्हणूनच तू ते लिहिलंस. आता पुढचा धागा जोड. ज्या मातीत माणसं अनवाणी फिरतात तिथं स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत पायांतून शिरतो आणि वर्षानुवर्षं आतड्यात राहतो. एचटीएलव्ही-१ असलेल्या माणसात हा जंत बेफाम वाढू शकतो. अशा वेळी "सांधे धरलेत" म्हणून एखाद्या डॉक्टरानं न तपासता स्टेरॉइड टोचलं तर माणूस दगावू शकतो. आणि त्या जंतावर औषध आहे, आयव्हरमेक्टिन. साधं, जुनं, स्वस्त. त्यासाठी आधी कुणाला तरी माहीत हवं की ही बाई पॉझिटिव्ह असू शकते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते पैशाअडक्याबाबत असेल. इथं झाकून ठेवलेल्या मुठीत त्या म्हातारीचा जीव आहे.

पायांसाठीही करण्यासारखं आहे: फिजिओथेरपी, ताठरपणा सैल करणाऱ्या गोळ्या, लघवीची नीट व्यवस्था. बेलें या पाराच्या राजधानीतल्या फेडरल विद्यापीठाच्या उष्णकटिबंधीय वैद्यक केंद्रात हा आजार ओळखणारी माणसं आहेत. ते तुझ्यापासून एका बोटीच्या अंतरावर आहेत आणि म्हातारीपासूनही.

आणि बाळ. इथं घड्याळ चालू आहे, म्हणून हे उत्तर सदराची पाळी यायची वाट न पाहता मी तुला आधीच पाठवलंय. सहा महिन्यांच्या पुढं अंगावर पिणाऱ्या मुलांपैकी साधारण पाचात एकाला लागण होते. मुळीच न पाजलेल्या मुलांत शंभरात दोन-तीन. कमी काळ पाजलेल्यांत धोका कमी, हे जपानी आकड्यांवरून दिसतं. नागासाकीत १९८७ पासून गरोदर बायकांची तपासणी आणि दुधाबद्दलचा सल्ला सुरू आहे. नोआर-मारोन आयांच्या ज्या २१६ मुलांची तपासणी झाली होती त्यांतली २१ पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे दहात एकापेक्षा किंचित कमी. तू राहायचीस त्या घरातलं बाळ चार महिन्यांचं आहे. गाइडचा पेपर कधी छापून येईल? वर्षानं? दीड वर्षानं? तोवर ते चालायला लागेल, आणि तुमचं ते "आरोग्य केंद्रामार्फत" पोचलेलं पाकीट नुसतं घडून गेलेल्या गोष्टीची पोचपावती असेल.

थोडं माझं सांगते. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी नंदुरबारकडे सिकलसेलच्या तपासणीत होते. एका आश्रमशाळेच्या ओट्यावर बसून निकालांची यादी मी मोठ्यानं वाचली. वाटलं, सगळ्यांना एकदम कळेल, वेळ वाचेल. एका मुलीच्या नावापुढं "वाहक" होतं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे मी पुढच्या वाक्यात सांगणारच होते. पण नाव आणि ते वाक्य यांच्यामध्ये जेवढा श्वास घेतला तेवढ्यात तिच्या होणाऱ्या सासऱ्यानं धोतर सावरलं आणि तो उठला. लग्न मोडलं. त्या मुलीनं नंतर मला विचारलं, "बाई, तुम्ही माझ्या कानात का नाही सांगितलं?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तेव्हा मी तुला सांग म्हणते आहे, ते कसंही सांग असं म्हणत नाहीये.

आधी गृहपाठ. तिचा रिपोर्ट पक्का आहे ना? एलायझा ही नुसती पहिली चाळणी, तिच्यावर कुणाला काही सांगायचं नाही. वेस्टर्न ब्लॉट किंवा पीसीआर ही खात्रीची चाचणी झालेली असली तरच तोंड उघडायचं. मग संमतीपत्र काढ. निकाल कसा आणि कधी कळवू, याबद्दल त्यात काय लिहिलंय? लिहिलं असेल तर गाइडशी वाद घालायची गरजच नाही, फक्त तो परिच्छेद त्यांच्यापुढं ठेव. नसेल तर एथिक्स कमिटीला पत्र टाक आणि त्यात बाळाचं वय लिही. "कधी सांगावं" हा प्रश्न कमिटीला गुळमुळीत वाटेल, "बाळ चार महिन्यांचं आहे" हे वाटणार नाही. परस्पर एकटी बोटीत बसून निघू नकोस. तू गेलीस, सांगितलंस आणि परतलीस की तिच्या हातात फक्त भीती उरते. सोबत दूध-पावडर, डॉक्टर, पुढची तारीख, काहीच नाही.

हे सगळं मिळण्याची सोय तिथं आहे, हे तुझं नशीब. ब्राझीलमध्ये रक्तपेढ्यांत एचटीएलव्हीची तपासणी १९९३ पासून सक्तीची आहे. (आपल्याकडे रक्तपेढीत सक्तीच्या यादीत हा विषाणू नाहीच, हे जाता जाता.) २०२४ मध्ये गरोदर आणि बाळंत बायकांतली लागण कळवणंही तिथं बंधनकारक झालं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं धोरण सरळ आहे: अशा आईनं पाजू नये, दूध आटवायची गोळी आणि बाळासाठी पावडर सरकारनं द्यावी.

धोरण सरळ असलं तरी नदी सरळ नाही. पावडरचे डबे महिनाभर आले नाहीत तर? पाणी कुठलं वापरणार? नदीचंच ना? उकळायला सरपण आहे? दर तीन तासांनी? मी विचारतेय, कारण पावडर पुरवून पुरवून वापरण्यासाठी पातळ करणारी आई मी पाहिलीय. चमचाभर पावडर आणि बाटलीभर पांढरं पाणी. त्या मुलाचे पाय काड्यांसारखे झाले होते. साठीत होऊ शकणाऱ्या कर्करोगापासून वाचवायचं म्हणून पहिल्याच वर्षी जुलाबात घालवायचं, याला आगीतून फुफाट्यात म्हणतात. म्हणून डब्यांचा पुरवठा, पाणी आणि इंधन या तीन गोष्टींची हमी आरोग्य केंद्राकडून आधी घे, तीही तोंडी नको. हमी मिळाली तर आत्ताच दूध बदलता येईल. नाही मिळाली तर तिथल्या डॉक्टरांशी बोलून निदान एवढं ठरवता येतं का ते पाहा की सहा महिने होताच, वरचं खाणं सुरू करायच्या वेळी, अंगावरचं पूर्ण सोडवायचं. पुस्तकात बसणारा हा तोडगा नाही, पण दोन वर्षं पाजण्यापेक्षा पुष्कळ बरा. निवड तिची, तिच्यापुढं दोन्ही बाजू मांडणं तुमच्याकडे.

आणखी एक. तुझ्या पत्रात एक वाक्य ओझरतं आलंय, की ती शेतावर गेली की बाळाला त्याची मावशी पाजते. तिथं दूधआई ही मानाची गोष्ट आहे. पण लेक पॉझिटिव्ह आणि म्हातारीची लक्षणं अशी असताना मावशीचं काय, हे कोण बघणार? दूधआईची चाल तिथल्या आरोग्य खात्याला एरवीही मान्य नाही. मावशीला दोष न देता हा विषय काढायचा असेल तर लेकीलाच विचार, कसा काढू. घरातलं राजकारण तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

"कुठल्या तोंडानं सांगू" या तुझ्या प्रश्नामागं जे आहे ते मला कळतं, आणि त्याला इतिहासही आहे. ब्राझीलमध्ये १८८८ पर्यंत गुलामी होती. काळ्या बायकांना स्वतःचं लेकरू बाजूला ठेवून मालकाच्या लेकराला पाजावं लागे, आणि त्याच दुधाला नावं ठेवणारे डॉक्टरही त्याच काळातले. आज परदेशातून आलेली एक शिकलेली मुलगी तिला सांगणार की तुझं दूध बाळाला देऊ नकोस. तिला राग आला तर येऊ दे. तो तुझ्यावर नसेल, आणि असला तरी ऐकून घे.

सांगताना पहिल्या मिनिटात तीन गोष्टी यायला हव्यात, याच क्रमानं: "हा एड्स नाही. बहुतेकांना यानं काही होत नाही. तुला तो बहुधा आईच्या दुधातून आला, तिलाही ठाऊक नसताना." एचटीएलव्ही हे नाव कानाला एचआयव्हीसारखं लागतं, म्हणून "एड्स नाही" हे नावाच्याही आधी आलं पाहिजे. तिसरं वाक्य नवऱ्यासाठी. ते नसेल तर संध्याकाळपर्यंत त्या घरात वेगळीच चौकशी सुरू होईल. नवऱ्याला तपासायचं का, निरोध वापरायचा का, हे दुसऱ्या भेटीत. ताटवाटी, मिठी, एका झुल्यात झोपणं यांनी काही होत नाही, हे मात्र पहिल्याच भेटीत, आणि शक्य तर तिथंच तिच्या पातेल्यातलं खाऊन.

सोबत कोण असावं हे तिला ठरवू दे. गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे तिथली आशाताई, हे तुला सोयीचं माणूस वाटेल. पण ती त्याच गावची असते. ती तिची नणंद तर नाही ना, हे आधी बघ. बाळाचा रिपोर्ट लगेच मागू नका. आईकडून आलेल्या अँटिबॉडी वर्ष-दीड वर्ष रक्तात राहतात, त्यामुळे लवकर केलेली साधी तपासणी फसवते.

गावाच्या नावाचा प्रश्न तू मला विचारलास, तो गावाला विचारायला हवा होता. मला ठाऊक आहे की तुझ्या मनात नाव लपवणं म्हणजे त्यांना जपणं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. "पारा राज्यातली नदीकाठची वस्ती" एवढ्यावर विज्ञानाचं काही अडत नाही. पण नाव झाकलं की त्या नावानं डबे, तपासणी आणि डॉक्टर मागायची सोयही झाकली जाते. ब्राझीलमधल्याच साल्वादोर शहरात एचटीएलविदा नावाची रुग्णांचीच संघटना आहे. त्यांनी नाव झाकून काही मागितलं नाही. तेव्हा वस्तीच्या संघटनेला ठरवू दे. किलोंबोलांशी सल्लामसलत केल्याशिवाय त्यांच्याबाबत निर्णय घेऊ नये, हे ब्राझीलनं मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय करारातच आहे, आणि कितीतरी वस्त्यांनी ती कशी करायची याचे आपापले नियम लिहून ठेवलेत. तुमच्या वस्तीचे आहेत का, विचारलं होतंत का?

फक्त क्रम चुकवू नका. आधी ज्याचा त्याचा रिपोर्ट ज्याच्या त्याच्या कानात, मग गावाची सभा, मग शोधपत्रिका. सभेत आकडा सांगतानाही जपून. गाव लहान असलं की "चार जण" म्हटल्यावर कोण ते चार हे रात्रीच्या जेवणापर्यंत ठरतं. आणि उरलेल्या रक्ताचं काय करणार तेही त्याच सभेत सांगा. आमेझॉनमधल्या यानोमामी आदिवासींचं १९६०च्या दशकातलं रक्त अमेरिकेतल्या फ्रीजरमधून २०१५ मध्ये परत आलं आणि त्यांनी ते जमिनीत पुरलं. ही गोष्ट आमेझॉनमध्ये कुणी विसरलेलं नाही.

हे सदर वाचणाऱ्यांत मेळघाट-गडचिरोलीत सर्वेक्षण करणारी मुलं-मुली आहेत, म्हणून हे एवढं लांबण लावलं. तुमच्या वहीत टक्केवारी भरायच्या आधी एक रकाना आखा: निकाल कुणाला, कोण, कधी सांगणार. तो रिकामा असेल तर सुई उघडू नका.

पत्रात बाळाचं सगळं लिहिलंस, कान कसे आहेत तेसुद्धा, पण वजन लिहायचं राहिलं. गावाला निघशील तेव्हा आरोग्य केंद्रातून वजनकाटा मागून घेऊन जा. दूध आज सोडवायचं की सहाव्या महिन्यात, हे ठरवताना डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.